प्रसाधनांची पारख

आरशासमोरच्या फळीवर मांडलेल्या डब्याबाटल्यांविषयी गंभीरपणे बोलावे, असे आपल्याकडे सहसा कोणाला वाटत नाही. स्त्रियांनी आपापसांत चर्चा करावी आणि पुरुषांनी तिची थट्टा करावी, एवढ्यापुरताच हा विषय उरलेला आहे. वास्तविक या फळीवरची द्रव्ये आपण रोज, आणि पुष्कळदा दिवसातून दोनदा, आपल्या त्वचेला चोळतो; ओठांना आणि डोळ्यांच्या कडांना लावतो. थट्टा करणारे पुरुषही दाढीचा फेस, केसांचे तेल आणि पिकल्या केसांवरचा कलप यांपासून मुक्त नाहीत. तांदूळ घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरून पाहणारी आणि हुंगल्यावाचून आंबा न घेणारी आपली गृहिणी चेहऱ्याला लावायचे मलम मात्र जाहिरातीतले चित्र पाहून घेते. धान्याला जी पारख लागते ती प्रसाधनालाही लागते. ती कशी करावी, आणि न केल्यास काय गमावण्याचा संभव असतो, याचा थोडा विचार आज करू.

पारखून घेण्याची ही दृष्टी आपल्या परंपरेला नवी नाही. वात्स्यायनाने गणलेल्या चौसष्ट कलांत कपाळावर लावण्यासाठी पानांच्या आकृती कातरण्याची विशेषकच्छेद्य नावाची कला आहे; दात, वस्त्रे आणि अंग रंगविण्याचीही आहे. सहाव्या शतकात उज्जयिनीच्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला. सोळा सुगंधी द्रव्यांतून चार चार निवडली, तर मिश्रणे किती होतील, याचा हिशेब त्याने केला आणि १८२० हे अचूक उत्तर दिले. अत्तर कसे करावे हे सांगता सांगता त्याने गणितही केले. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात स्नान आणि विलेपन यांना राजाच्या उपभोगांमध्ये मानाचे स्थान मिळाले.

ग्रंथांतून घरात यावे, तर दिवाळीचे उटणे हे पारखलेल्या प्रसाधनाचे उत्तम उदाहरण आहे. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद, चंदन ही त्यातली नावे अजून अनेक घरांत पाठ असतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तेल आणि मग उटणे हा क्रमही विचारपूर्वक ठरलेला दिसतो. थंडीच्या तोंडावर त्वचा कोरडी पडू लागते. तेलाने तिला मऊपणा येतो, आणि उटण्याची भरड पूड त्यातले जास्तीचे तेल मळासकट टिपून घेते. तरीही एक पातळसा थर मागे राहतो. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. नेहमीचा साबण क्षारधर्मी असल्यामुळे त्या पृष्ठभागाला तो तात्पुरता बिघडवतो. म्हणूनच साबणाने घासलेली कातडी थंडीत ताणल्यासारखी वाटते आणि उटण्यानंतर तशी वाटत नाही. मात्र एवढ्यावरून जुने ते सारे निर्दोष, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. सुरमा परंपरेने गॅलिना या खनिजापासून करीत. ते शिशाचे संयुग आहे आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला विशेष घातक असते. काही ठिकाणी मिळणाऱ्या शेंदरातही शिसे किंवा पारा असतो. वनस्पतिज असो वा खनिज, जुने असो वा नवे, प्रत्येक द्रव्याची परीक्षा स्वतंत्रपणेच झाली पाहिजे.

या परीक्षेचा धडा कपाळावरच्या कुंकवाइतका दुसरे कोणतेही प्रसाधन देत नाही. मराठी स्त्रीच्या नित्याच्या प्रसाधनातली ती सर्वांत परिचित वस्तू. आपल्या आज्या फणेरपेटी उघडून आधी बोटाने कपाळावर मेण लावीत आणि त्यावर कुंकू दाबून बसवीत. मेणामुळे पूड गळत नसे, घामाने ओघळत नसे आणि कडा रेखीव राहत. रंग टिकावा म्हणून आधी चिकट अस्तर द्यायचे, हे तत्त्व आज मोठमोठ्या दुकानांत 'प्रायमर' या नावाने विकले जाते. खरे कुंकू हळदीचे. हळदीवर पिवळा डाग पडलेले वस्त्र साबणाने धुऊ लागले, की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. हळदीतला रंग क्षाराच्या सान्निध्यात तांबडा होतो, हेच त्याचे कारण. टाकणखारासारखी द्रव्ये आणि लिंबाचा रस यांचे संस्कार करून हळकुंडापासून कुंकू करीत, ते याच स्वभावाचा उपयोग करून.

पुढे बाजारात हळदीऐवजी स्वस्त पुडीत कृत्रिम रंग मिसळून केलेले कुंकू आले. दिसायला ते अधिक भडक, आणि भावाने कमी. अशा रंगांपैकी काहींमुळे कपाळाला खाज सुटते, पुरळ उठते आणि बरे झाल्यावरही काळसर डाग राहतो, हे त्वचारोगतज्ज्ञांनी वेळोवेळी नोंदविले आहे. त्यानंतर टिकली आली. मेण नको, पूड नको, पाठीमागचा कागद काढला की काम झाले. कचेरीला जाणाऱ्या, लोकल गाठणाऱ्या स्त्रीला तिच्यासारखी सोय दुसरी नाही. परंतु काही टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल नावाचे रसायन असते. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी टायरोसीन नावाच्या द्रव्यापासून रंग तयार करतात. या रसायनाची घडण टायरोसीनशी मिळतीजुळती असल्यामुळे या पेशींवर ते विषासारखे काम करू शकते. मग टिकलीच्या जागी, नेमका तिच्याच आकाराचा, पांढरा ठिपका उमटतो. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली कधी कधी पडणारे पांढरे पट्टे याच जातीचे.

इथे प्रश्न केवळ कपाळाचा राहत नाही. आपल्या समाजात पांढऱ्या डागाला 'कोड' म्हणून जी भीती चिकटली आहे, तिच्यामुळे जुळत आलेली लग्ने मोडतात आणि घरातल्या धाकट्या बहिणींच्या स्थळांवरही त्याची छाया पडते. वास्तविक कोड संसर्गजन्य नाही. आणि टिकलीने पडलेला डाग ही तर मुळात बाह्य रसायनाची करणी. मात्र डाग दिसू लागताच स्त्री काय करते? तो झाकण्यासाठी आणखी मोठी टिकली लावते. नेमके हेच करू नये. सुरुवातीसच गोंद बंद केला आणि वैद्यांना दाखविले, तर अनेकींचा रंग पुष्कळ अंशी परत येतो. उशीर झाला तर डाग टिकलीच्या सीमेबाहेरही पसरू शकतो. रोज रात्री टिकली काढून ठेवावी, एकच टिकली आठवडाभर वापरू नये आणि कपाळाला खाज सुटली की ती पहिली सूचना समजावी, एवढी दक्षता पुरेशी असते.

ज्या वस्तूमुळे असे काही घडू शकते, तिच्यावर शासनाचे नियंत्रण नसते काय, असे कोणीही विचारील. नियंत्रण आहे. १९४० च्या औषधविषयक कायद्यात १९६२ साली दुरुस्ती होऊन प्रसाधनांचा त्यात समावेश झाला आणि १९६४ पासून तो 'औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा' या नावाने ओळखला जाऊ लागला. शरीर स्वच्छ करण्यासाठी, सुंदर वा आकर्षक करण्यासाठी अथवा त्याचे रूप बदलण्यासाठी जे चोळावे, ओतावे, शिंपडावे किंवा फवारावे, ते प्रसाधन, अशी त्याची व्याख्या आहे. शिशाची किंवा सोमलाची संयुगे रंगासाठी वापरण्यास मनाई आहे. प्रसाधनांसाठी प्राण्यांवर चाचण्या करण्यास २०१४ मध्ये बंदी आली, आणि २०२० मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र नियमावली झाली.

या नियमांमुळे ग्राहकाच्या हाती एक साधन आले आहे; ते म्हणजे वेष्टनावरचा बारीक मजकूर. त्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, गट क्रमांक, वापराची अंतिम मुदत आणि घटकांची यादी असावी लागते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. म्हणजे जाहिरातीत केशराचे फूल मोठे असले आणि यादीत केशर अगदी शेवटी असले, तर आपण किंमत कशाची देतो आहोत, हे वाचकाने ओळखावे. ज्या डबीवर पत्ता नाही, परवाना नाही आणि घटकही नाहीत, ती कितीही नामांकित मैत्रिणीने दिलेली असली, तरी दूर ठेवावी.

परंतु कायदा वस्तूची परीक्षा करतो. आपल्या त्वचेची परीक्षा तो करू शकत नाही. ती आपणच करावयाची असते. त्यासाठी त्वचेच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात, हे ध्यानात घ्यावे. पहिला प्रकार दाहाचा. द्रव्य तीव्र असेल तर ते कोणालाही झोंबते, आणि थोड्याच वेळात झोंबते. दुसरा प्रकार ॲलर्जीचा. त्याची रीत निराळी आहे. पहिल्या भेटीत शरीर काहीच बोलत नाही. परंतु त्या द्रव्याची ओळख आत कोठेतरी शत्रू म्हणून नोंदली जाते. या नोंदीला आठ-पंधरा दिवस लागतात, कधी वर्षेही जातात. एकदा नोंद झाली, की पुढच्या प्रत्येक भेटीनंतर एकदोन दिवसांत खाज, सूज आणि पुरळ हजर होते, आणि हे वैर बहुधा जन्मभर टिकते. "दहा वर्षे हेच वापरते आहे, मग यानेच कसे होईल?" हा प्रश्न वैद्यांना नेहमी ऐकावा लागतो. त्याचे उत्तर यात आहे.

यावरून चाचणीची पद्धत आपोआप ठरते. नवे मलम आणले की ते प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावावे. तेथे काही झाले नाही, तर मग चेहऱ्याकडे वळावे. आणि एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करावी. तीन वस्तू एकदम सुरू केल्या आणि पुरळ उठले, तर गुन्हेगार कोण हे ठरविणे कोणाही न्यायाधीशाला शक्य नाही. पंधरवड्यावर लग्न आले असताना वधूच्या चेहऱ्यावर नवनवे लेप चढविण्याची जी चाल पडली आहे, ती या दृष्टीने फार धोक्याची. कारण ॲलर्जीला उमलायला लागणारा काळ आणि मुहूर्ताला उरलेला काळ नेमका एकच असतो.

केसांच्या कलपाबाबत तर ही चाचणी आपल्या नियमांतच लिहिलेली आहे. पुष्कळशा काळ्या कलपांत पॅरा-फिनिलीन-डायमिन हे द्रव्य असते. अशा कलपाच्या वेष्टनावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत सावधगिरीची सूचना छापणे बंधनकारक आहे: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूस थोडा कलप लावून वाळू द्यावा, २४ तासांनी धुवावा, त्रास दिसला नाही तरच वापरावा, आणि ही परीक्षा दर वेळी करावी. कधी कधी त्रास दुसऱ्या दिवशीनंतर प्रकट होतो. म्हणून ४८ तास थांबणे अधिक शहाणपणाचे. भुवया आणि पापण्या रंगविण्यासाठी तो मुळीच वापरू नये, कारण दृष्टी जाण्याचा धोका असतो, असेही तेथे छापलेले असते. किती जण ते वाचतात? मेंदीच्या बाबतीतही हे लक्षात ठेवावे. खऱ्या मेंदीतला रंग त्वचेतील केराटिनाला धरून बसतो. तो आधी नारिंगी दिसतो आणि एकदोन दिवसांत गडद होत जातो. तासाभरात काळीभोर रंगणारी मेंदी दिसली, तर तिच्यात कलपातलेच द्रव्य मिसळलेले असण्याचा संभव मोठा.

आता रंगच्छटेची निवड. दुकानातल्या पिवळ्या किंवा निळसर दिव्याखाली दोन रंग सारखे भासतात आणि उन्हात येताच वेगळे पडतात. कारण वस्तूचा रंग तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशावर अवलंबून असतो. साडी घेताना आपण ती दुकानाच्या दाराशी नेऊन पाहतो. चेहऱ्याच्या रंगलेपालाही तोच न्याय लावावा. मनगटावर लावून पाहण्यापेक्षा जबड्याच्या कडेला, मानेलगत लावावा आणि दिवसाच्या उजेडात पाहावा. जी छटा दिसेनाशी होते, ती आपली. हे लेप मुख्यतः लोहाच्या लाल, पिवळ्या व काळ्या ऑक्साइडांपासून आणि पांढऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडपासून रंगवितात. सावळ्या चेहऱ्यासाठी केलेल्या छटेत पांढऱ्याचे प्रमाण जास्त झाले, की चेहरा राखेने माखल्यासारखा दिसतो. पूर्वी बाजारात गुलाबी आणि पांढुरक्या पावडरींखेरीज फारसे काही नसे. त्या काळच्या कित्येक सावळ्या स्त्रियांनी आपला चेहराच सदोष आहे अशी समजूत करून घेतली. दोष डब्यात होता. आणखी एक सूचना: दुकानात नमुन्यासाठी ठेवलेली लिपस्टिक थेट ओठांना आणि काजळाची कांडी थेट डोळ्याला लावू नये. ती आपल्याआधी किती जणींनी लावली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

या सर्वांत गंभीर प्रकरण गोरेपणाचे. त्वचेचा वर्ण मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यावर ठरतो, आणि उन्हापासून संरक्षण करणे हे त्याचे मुख्य काम. आपला मूळ वर्ण प्रसाधनाने कायमचा बदलत नाही. तरीही उजळपणाचे आश्वासन विकले जाते, कारण ते विकत घेण्याइतके दुःख आपण मुलींच्या वाट्याला आणलेले आहे. काही आठवड्यांत जादूसारखा फरक पडला, तर त्या डबीत दोहोंपैकी एक असण्याची शंका घ्यावी. एक म्हणजे स्टेरॉइड. त्याने चेहरा प्रथम उजळतो. मग कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात, आणि मलम थांबवताच आग होऊ लागते. अशी अनेक मलमे वैद्यांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम २०१८ मध्ये झाला. दुसरा म्हणजे पारा. तो त्वचेतून शरीरात शिरतो आणि मूत्रपिंडांना इजा करतो. अनोळखी कंपन्यांची उजळपणाची मलमे वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा विकार आढळल्याचे केरळातील वैद्यांनी २०२३ मध्ये निदर्शनास आणले. लघवीला फेस येऊ लागला किंवा पायांवर सूज आली, तर वैद्यांना आपण कोणते मलम लावतो, तेही सांगावे. गोरेपणासाठी मूत्रपिंड देणे हा सौदा कोणत्याही बाजारभावाने परवडणारा नाही.

हे सारे ऐकून कोणी फळी रिकामी करावी, असा माझा हेतू नाही. नटण्याची हौस ही निरोगी मनाची खूण आहे. फक्त हौसेला हवामानाची आणि कामाची जोड द्यावी. मराठी माणसे आज देशभर पसरली आहेत, आणि मुंबईत जे मानवते ते दिल्लीच्या पौषात मानवेल असे नाही. मुंबई, कलकत्ता, चेन्नई येथील दमट हवेत पाण्याचे प्रमाण अधिक असलेले, लावताच विरून जाणारे 'स्नो'सारखे हलके लेप बरे. इंदूर, नागपूर किंवा दिल्लीच्या कोरड्या थंडीत तेलाचे प्रमाण अधिक असलेले कोल्डक्रीम हवे. उन्हापासून संरक्षण देणाऱ्या मलमावरचा अंक दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा जाड थर देऊन ठरविलेला असतो. आपण बहुधा त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतो आणि मग मलम वाईट म्हणतो.

उरता उरली आवड. ती मात्र ज्याची त्याने ठरवावी. एखादीला कपाळावर ठसठशीत कुंकू शोभते, एखादीला मोकळे कपाळ आवडते. कोणी ओठ रंगवील, कोणी केसांत फक्त अबोलीचा गजरा माळील. घरातल्या वडीलधाऱ्यांनी या आवडीवर टीका करण्यापेक्षा एक उपयुक्त काम करावे. मुलीने नवी डबी आणली, की ती हातात घ्यावी, तिच्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावून तिला वाचून दाखवावीत, आणि ती जशी आहे तशी आम्हाला सुंदरच दिसते, हेही एकदा मोठ्याने सांगावे. पहिल्या गोष्टीने तिची त्वचा सुरक्षित राहील. दुसरीमुळे उजळपणा विकणाऱ्याचे एक गिऱ्हाईक कमी होईल.